डोक्याला पटतं, अंगाला पटत नाही: शरीर आणि निसर्गाच्या वाटेने जाणारं समुपदेशन

समुपदेशकाच्या खोलीत एक वाक्य या ना त्या रूपात सारखं ऐकू येतं. "मॅडम, मला सगळं कळतं. चूक माझी नव्हती, हेही पटलंय. पण रात्री छातीत धडधडायला लागलं की ते पटलेलं काही उपयोगाला येत नाही."

बोलण्याची, विचार तपासून बघण्याची थेरपी मराठी वाचकाला नवी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी इतक्या चिकाटीने आपल्याकडे आणली, की मानसशास्त्राचं एकही पुस्तक न उघडलेल्या माणसालाही 'घटना नव्हे, घटनेबद्दलचा विचार त्रास देतो' हे कुठून तरी ऐकून माहीत असतं. ते खरंही आहे आणि पुष्कळांना त्याने बरं वाटलेलं आहे. काहींचं गाडं मात्र इथेच अडतं. विचार बदलतो आणि पोटातला गोळा जागच्या जागी राहतो.

अशा लोकांबरोबर काम करता करता काही थेरपिस्ट शरीराकडे वळले, काही खोली सोडून झाडांत गेले. सोमॅटिक (म्हणजे शरीराच्या वाटेने जाणारी) थेरपी, बॉडी-सेंटर्ड काउन्सेलिंग, इको-थेरपी, होलिस्टिक हीलिंग ही नावं आता इन्स्टाग्रामवर उठता-बसता दिसतात. त्यात दाणे किती आणि फोलपटं किती, हे नावावरून कळत नाही. तो थेरपिस्ट तिथपर्यंत कुठून चालत आला, यावरून मात्र बरंच कळतं.

युजीन जेंडलिन यांची वाट या दृष्टीने बघण्यासारखी आहे. १९२६ मध्ये व्हिएन्नात एका ज्यू घरात जन्म. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर कुटुंब जीव वाचवून पळालं आणि पुढे अमेरिकेत स्थिरावलं. जेंडलिन तत्त्वज्ञान शिकायला शिकागो विद्यापीठात गेले आणि तिथे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर मानसोपचाराच्या संशोधनात पडले. प्रश्न साधा होता: थेरपीने काही जण सुधारतात, काही जण वर्षानुवर्षं येत राहतात आणि आहेत तिथेच राहतात, हे का? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सेशनच्या ध्वनिमुद्रित टेप ऐकल्या. थेरपिस्ट कोणत्या पंथाचा, तो काय बोलतो, यापेक्षा समोरचा माणूस कसा बोलतो हे महत्त्वाचं ठरताना दिसलं, आणि तो फरक सुरुवातीच्या सेशनमध्येच ऐकू यायचा.

जे सुधारत होते ते मध्येच अडखळायचे. "मला राग आलाय... नाही, राग नाही... थांबा हं... इथे काहीतरी अडकल्यासारखं..." असं म्हणत हात छातीवर किंवा गळ्यापाशी जायचा. शब्द सापडला की सुस्कारा यायचा. जे सुधारत नव्हते ते उत्तम बोलायचे, सलग, मुद्देसूद, कारणमीमांसेसह. आपल्यातल्या शिकल्यासवरल्या, बोलक्या मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं असं मला वाटतं.

त्या अडखळत्या, अजून शब्दात न आलेल्या अंगच्या जाणिवेला जेंडलिन यांनी 'फेल्ट सेन्स' म्हटलं. जे थोड्या लोकांना आपोआप जमतं ते इतरांना शिकवता येईल का, यातून त्यांची 'फोकसिंग' ही पद्धत तयार झाली आणि १९७८ मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं. पद्धत ऐकायला अगदीच किरकोळ वाटते: थांबा, आत लक्ष न्या, घाई न करता वाट बघा, एखादा शब्द आला तर तो अंगाला पटतोय का ते तपासा, नसेल तर सोडून द्या. करायला बसलं की कळतं, मिनिटभर वाट बघणंही किती अवघड आहे.

शरीराची वाट जेंडलिन यांच्या आधीपासूनची आहे. एडमंड जेकबसन यांची स्नायू एकेक करून आवळायची आणि सोडायची पद्धत १९२९ पासून पुस्तकात आहे आणि आजही शिकवली जाते. फ्रॉइड यांच्या वर्तुळातले विल्हेल्म राइश यांनी १९३० च्या दशकात मांडलं की माणूस भावना दाबतो तेव्हा स्नायू आवळून धरतो आणि ते आवळणं त्याच्या अंगवळणी पडतं. निरीक्षण चांगलं होतं. पण पुढे राइश 'ऑर्गोन' नावाच्या विश्वशक्तीच्या नादी लागले, ती साठवणाऱ्या पेट्या बनवू लागले, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोर्टातून बंदी आणली, ती मोडल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये ते तुरुंगातच वारले. या क्षेत्राचा स्वभाव समजायला ही एक गोष्ट पुरे. नेमकं निरीक्षण आणि त्याला चिकटलेला भन्नाट दावा इथे पहिल्यापासून शेजारी शेजारी राहतात.

आता शरीरात होतं काय, ते बघू. आपल्या इच्छेवाचून चालणारी जी मज्जासंस्था आहे, तिचा सिम्पथेटिक भाग धोका दिसला की हृदय, श्वास, स्नायू यांना कामाला लावतो आणि पॅरासिम्पथेटिक भाग सगळं पूर्ववत करतो. या दुसऱ्या भागाची मुख्य तार म्हणजे व्हेगस नर्व्ह. मेंदूकडून निघून ती छातीतून थेट पोटापर्यंत जाते. तिच्यातले बहुसंख्य तंतू निरोप नेतात ते खालून वर, शरीराकडून मेंदूकडे. त्यामुळे 'मन शांत झालं की शरीर शांत होईल' हे जितकं खरं, तितकंच उलटही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. मनगटावर बोट ठेवून दोन मिनिटं लांब श्वास सोडत बसलं तर काही जणांना ते बोटाखाली कळतंही.

हे मोजून बघण्याचा उद्योग आपल्याकडेही जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रियांच्या वेळी शरीरातला दाब मोजायला आणि एक्स-रे काढायला. चमत्काराच्या गोष्टी सांगण्यापेक्षा आकडे काढावेत ही त्यांची वृत्ती आजच्या बऱ्याच 'नर्व्हस सिस्टिम कोच' मंडळींनी उचलण्यासारखी आहे.

कारण व्हेगसच्या नावावर सध्या वाट्टेल ते खपतं. स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ मध्ये मांडलेला पॉलिव्हेगल सिद्धांत थेरपिस्ट मंडळींत भलताच लोकप्रिय झाला. धोक्यापुढे माणूस लढतो, पळतो किंवा गोठतो आणि सुरक्षित वाटलं की माणसांत मिसळतो, याची एक सुबक पायरीरचना त्यात आहे. क्लायंटला समजावायला ती फार सोयीची पडते. "तुम्ही भेकड नव्हता, तुमचं शरीर गोठलं होतं" हे ऐकून अत्याचारातून गेलेल्या बाईच्या मनावरचं ओझं उतरतं. पण पॉल ग्रॉसमन यांच्यासारख्या शरीरशास्त्र जाणणाऱ्या संशोधकांनी या सिद्धांताच्या जैविक पायावरच कडक आक्षेप घेतले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. धोक्यापुढे माणसं गोठतात हे खरं, आणि त्याचं अमुकच मज्जातंतूशी जोडलेलं स्पष्टीकरण डळमळीत आहे हेही खरं.

प्रत्यक्ष सेशन कसं असतं? समजा, पस्तिशीतला एक माणूस आहे. वर्षापूर्वी कात्रजच्या घाटात त्याच्या बाईकला ट्रकने कट मारला. हाड जुळलं, इन्शुरन्सचे पैसे आले, ईसीजी नॉर्मल. बाईकवर मात्र तो अजून बसत नाही. अपघाताची गोष्ट तो दहाव्यांदा सांगतोय, जराही न अडखळता. थेरपिस्टचं लक्ष त्याच्या पायाकडे आहे.

"जरा थांबूया. तुमचा उजवा पाय काय करतोय?"

तो खाली बघतो. बूट फरशीवर दाबलेला. "ब्रेक मारतोय, मॅडम."

"मारू द्या. फक्त सावकाश. पोटरीत आत्ता काय जाणवतंय?"

"गच्च आहे. पार मांडीपर्यंत." आणि त्याचा श्वास थांबतो.

इथे नवशिका थेरपिस्ट 'मग काय झालं?' विचारून त्याला घाटात परत ढकलेल. अनुभवी बाई उलटं करते. पाठीला खुर्ची टेकलेली जाणवतेय का, विचारते. खोलीत कुठे बघायला बरं वाटतं, विचारते. तो खिडकीतल्या मनीप्लांटकडे बघतो. श्वास सुटतो. थोड्या वेळाने पुन्हा पायाकडे, पुन्हा खिडकीकडे. असं तीन-चार वेळा. एकदा पाय पूर्ण दाबला जातो आणि सैल पडतो. त्याला जांभई येते, हात गरम वाटतात. एवढ्यात वीस मिनिटं जातात आणि त्या दिवसापुरतं काम झालेलं असतं. बाहेर पडताना तो बहुधा मनात म्हणतो, यासाठी पैसे दिले?

हे काम पीटर लेव्हीन यांच्या 'सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग' या पद्धतीच्या वळणाचं आहे. लेव्हीन यांचं म्हणणं असं, की धोक्याच्या क्षणी शरीराने जी हालचाल करायला घेतली आणि पूर्ण होऊ शकली नाही, ती अर्धवट राहून त्रास देते. ती थोडी थोडी, पेलेल इतकीच पूर्ण होऊ द्यावी. हे स्पष्टीकरण म्हणजे अजून एक तर्क आहे. तंत्र मात्र तपासता येतं. इस्राएलमध्ये ६३ लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ साप्ताहिक सेशननंतर आघाताची लक्षणं बरीच कमी झाली. तुलना होती ती नुसतं प्रतीक्षायादीवर असलेल्यांशी, हे लक्षात ठेवायचं. बॉस्टनजवळ इतर उपचारांना दाद न देणारा जुना आघातोत्तर ताण असलेल्या ६४ स्त्रियांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला योगाचा प्रयोग जरा अधिक कडक होता. दोन्ही गटांना दर आठवड्याला एक तास, दहा आठवडे. एका गटाला योग, दुसऱ्याला आरोग्यशिक्षण. शेवटी योगवाल्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या आजाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के.

तरीही पुराव्यांच्या रांगेत पुढे उभ्या आहेत त्या आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (त्रासदायक आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे हलवायला लावणारी पद्धत). जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात यांचीच शिफारस केली. गंमत म्हणजे ईएमडीआरचा जन्मही खोलीबाहेरचा आहे. फ्रान्सिन शपिरो १९८७ मध्ये एका बागेत फिरत होत्या. डोळे इकडून तिकडे हलताना नको ते विचार बोथट होतात असं त्यांच्या ध्यानात आलं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. आणि ज्या सीबीटीला लोक 'नुसती डोक्याची' म्हणतात, ती पॅनिकच्या रुग्णाला मुद्दाम खुर्चीत गरगर फिरवते, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावते. धडधड आणि चक्कर म्हणजे मरण नव्हे, हे अंगाला कळावं म्हणून. तेव्हा 'बोलण्याची विरुद्ध शरीराची' ही भिंत जाहिरातीत जेवढी उंच दिसते तेवढी प्रत्यक्षात नाही.

निसर्गाकडे वळू. इथला सगळ्यात नावाजलेला अभ्यास रॉजर उल्रिच यांचा, १९८४ चा. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी नोंदींवरून लावल्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण त्यात एक मोठी सोय होती: खिडकी रुग्णाने निवडलेली नव्हती.

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना पुढे आणली. नागानो प्रांतातलं आकासावाचं जंगल तिचं जन्मस्थान मानलं जातं. तिथे चालायचं ते कुठे पोचायला नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डजवळ ३८ जणांना ९० मिनिटं चालवलं, काहींना गवताळ माळावर, काहींना वाहत्या रस्त्याकडेने. माळावरून आलेल्यांचं तेच ते मनात घोळवणं कमी झालं आणि मेंदूच्या त्याच्याशी जोडलेल्या एका भागातली हालचालही मंदावली. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत, २०१९ मध्ये, आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती अधिक चांगली सांगितली. हा आकडा औषधाच्या डोससारखा फिरवला जातो, पण ज्यांची तब्येत बरी तेच जास्त फिरायला जातात, ही शक्यताही त्यात आहेच.

नुसतं फिरणं आणि निसर्गातलं समुपदेशन यांत मात्र फरक आहे. दुसऱ्यात एक प्रशिक्षित माणूस, ठरलेलं उद्दिष्ट आणि ठरलेली वेळ असते. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. गप्प बसणारे पुरुष आणि किशोरवयीन मुलं चालताना बोलू लागतात, असं हे काम करणारे सांगतात. वेग हाच एक धागा होतो: आईचा विषय निघाला आणि पावलं भराभर पडू लागली, तर थेरपिस्ट म्हणेल, "आपण पळतोय का? बसूया का त्या दगडावर?"

पुण्यातल्या टेकडीवर हे करायचं तर अडचणीही अस्सल पुणेरी. वेताळ टेकडीवर सकाळी सहाला निम्मं कोथरूड भेटतं. समोरून मामेसासरे आले तर काय करायचं, थेरपिस्टने ओळख दाखवायची की नाही, हे पहिल्याच भेटीत, खोलीत बसून ठरवावं लागतं. शिवाय जुलैतला चिखल, मोकाट कुत्री, बायकांसाठी स्वच्छतागृह, अंधार पडायच्या आत परतणं. महापालिकांच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, म्हणजे नेमक्या थेरपिस्टच्या मोकळ्या वेळात. आणि झाडं सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला 'जंगलात जा' सांगणारा सल्ला हा सल्लाच नाही. तिथे काम दारातल्या तुळशीपासून किंवा चौपाटीच्या कठड्यावरून सुरू होतं.

आता थेरपिस्टच्या वाटेकडे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याने चालणारी भारतीय पुनर्वास परिषद करते, आणि एम.ए. नंतर दोन वर्षांचा एम.फिल. हा त्याचा बराच काळ राजमार्ग होता. समुपदेशक मात्र वर्षानुवर्षं कुठल्याच चौकटीत नव्हते. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्यात त्यांचीही गणना झाली. दरम्यान कोणीही पाटी लावू शकत होतं, आणि लोकांनी लावल्याही.

म्हणून क्रम बघायचा. आधी मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, आजार ओळखायची सवय, ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काही वर्षं बोलण्याची थेरपी. मग त्यावर शरीराचं प्रशिक्षण. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचं साधारण तीन वर्षांचं असतं आणि त्यात स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसावं लागतं. ते टळत नाही, कारण समोरच्याच्या थांबलेल्या श्वासाबरोबर आपलाही थांबतो, हे आधी स्वतःला कळावं लागतं. या वाटेचे देशी फाटेही आहेत. कोलकात्याची 'संवेद' ही संस्था २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्यातून काम करते. जिच्या शरीराचा बाजार झाला, तिला ते शरीर परत आपलं वाटणं हा उपचाराचा गाभाच ठरतो, नुसत्या बोलण्याने तिथे पोचणं अवघड. उलट क्रमाने आलेला माणूस, म्हणजे आधी वीकएंडचं सर्टिफिकेट आणि मानसशास्त्र यूट्यूबवरून, त्याच्यापासून चार हात लांब बरं.

स्पर्शाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शरीरावर आधारित थेरपी म्हणजे अंगाला हात लावणं नव्हे. बहुतेक काम खुर्चीत बसून, कपड्यांची इस्त्रीही न मोडता होतं. काही पद्धतींत स्पर्श आहे. तो आधी विचारून, का ते सांगून, आणि 'नको' म्हटल्यावर त्याच क्षणी थांबणारा असतो. 'तुमचा ट्रॉमा कमरेत साठलाय, मी दाबून काढतो' असं कोणी म्हणालं तर चप्पल घालावी. 'लहानपणी काहीतरी घडलंय, शरीर सांगतंय, तुम्हाला आठवत नाही एवढंच' असं सुचवणारा त्याहून धोकादायक. आठवणी सुचवून तयार करता येतात, हे मानसशास्त्राने चांगलं सिद्ध केलेलं आहे. चालू गोळ्या बंद करायला सांगणाराही याच माळेतला. आत्महत्येचे विचार येत असतील तर टेकडी, श्वास वगैरे नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ, किंवा निदान १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक.

पहिल्या भेटीत आपणही प्रश्न विचारावेत: मूळ शिक्षण काय, देखरेख कोणाची, मध्येच नको वाटलं तर काय करायचं, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत त्रास वाढला तर फोन करायचा का. थेरपिस्ट काय विचारते तेही ऐकावं. आपल्याकडे उदासी आणि चिंता फार वेळा अंगदुखी, जळजळ, थकवा असं रूप घेऊन डॉक्टरांकडे येते. उलटही घडतं. धडधडीमागे थायरॉइड असतो, गळून गेल्यासारखं वाटण्यामागे कमी पडलेलं हिमोग्लोबिन असतं. शरीराचं काम खरंच शिकलेली थेरपिस्ट श्वासाकडे जाण्याआधी एक अगदी नीरस प्रश्न विचारते: "रक्ताच्या तपासण्या शेवटच्या कधी केल्या होत्या? रिपोर्ट आणलेत का?"